शब्दचर्चा : ‘मदत दिली’ म्हणजे नेमकं काय झालं? परदेशी आरोग्य मदतीच्या हिशेबातले शब्द

शब्दवेडी
अमेरिकेच्या परदेशी आरोग्य मदतीवरच्या अहवालांत ऑथोरायझेशन, अप्रोप्रिएशन, ऑब्लिगेशन, डिस्बर्समेंट आणि एक्स्पेंडिचर हे पाच शब्द एकाच परिच्छेदात येतात. बातम्यांत पहिले दोन सरसकट ‘मंजुरी’ होतात आणि उरलेले तीन ‘खर्च’. ऑब्लिगेशनला कोशात बंधन, दायित्व, उपकार असं काय काय मिळतं. हिशेबाच्या मराठीत यांना काय म्हणावं?

खतावणी
पाचही वेगळेच ठेवा, नाहीतर आकड्यांना अर्थ उरत नाही.

पहिला शब्द ऑथोरायझेशन, म्हणजे ‘प्राधिकृती’. अमुक कामाला अमुक रकमेपर्यंत पैसे देता येतील, एवढंच कायदा सांगतो. तिजोरीतून दमडीही हलत नाही. पेपफार या एड्सविरोधी कार्यक्रमासाठी २००३ च्या कायद्यात पाच वर्षांकरता १५ अब्ज डॉलरचा आकडा आला, तो याच अर्थाने. प्रत्यक्ष पैसा त्यानंतर दरवर्षी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अप्रोप्रिएशनमधून आला. त्याला ‘विनियोजन’ हा आपल्याकडे विधिमंडळात रुळलेला शब्द आहे, तोच घ्या. ‘तरतूद’ बोलताना चालेल, पण नुसत्या प्रस्तावालाही तरतूद म्हणतात, म्हणून लिहिताना टाळावा.

ऑब्लिगेशनला मी ‘बांधील रक्कम’ म्हणेन. खात्याने करार केला किंवा अनुदानपत्रावर सही केली की सरकार तेवढं देणं लागतं. ‘दायित्व’ नको, ताळेबंदातल्या दायित्वाशी गल्लत होते. डिस्बर्समेंट म्हणजे ‘अदायगी’, पैसे खात्यातून संस्थेकडे गेले. एक्स्पेंडिचर म्हणजे संस्थेने ते खरोखर खर्च केले.

हा कीस का काढायचा? विनियोजनाला मुदत असते. त्या मुदतीत रक्कम बांधील व्हावी लागते. मुदत संपल्यावर आणखी पाच वर्षं जुनी देणी चुकवता येतात, नवा करार करता येत नाही. त्यानंतर उरलेलं रद्द. म्हणून शिल्लक दोन प्रकारची : अबांधील आणि बांधील-पण-अदत्त. औषधांची मागणी नोंदवली आहे, माल अजून बोटीवर आहे, तर ती रक्कम दुसऱ्या प्रकारात. तिला ‘पडून असलेला निधी’ म्हणणं साफ चूक.

तिरकस
आणि रिसिशन? ‘पॉकेट रिसिशन’चं ‘खिशातली कपात’ हे भाषांतर वाचून हसावं की रडावं कळेना.

खतावणी
साधं रिसिशन म्हणजे ‘विनियोजन मागे घेणे’. १९७४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्ष तसा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवू शकतात आणि विचार चालू असताना ४५ दिवस पैसा अडवता येतो. काँग्रेसने होकार दिला नाही तर तो मोकळा करावा लागतो. जुलै २०२५ मध्ये असा प्रस्ताव मंजूर झाला, पण पेपफारची ४० कोटी डॉलरची कपात सिनेटने त्यातून वगळली.

पॉकेट रिसिशनमध्ये सगळा खेळ तारखेचा. परकीय मदतीच्या ४.९ अब्ज डॉलरचा प्रस्ताव गेला २९ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास, आणि आर्थिक वर्ष संपतं ३० सप्टेंबरला. ४५ दिवस पुरे होण्याआधीच मुदत सरते आणि रक्कम ‘व्यपगत’ होते, म्हणजे आपोआप संपते. काँग्रेसचं लेखापरीक्षण कार्यालय, म्हणजे जीएओ, ही पद्धत बेकायदा मानतं. मराठीत ‘मुदत संपू देऊन रद्द करणे’ लिहा. लांब आहे, पण निदान कळतं.

शब्दवेडी
एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या कागदांत ‘प्लेज’ येतं. ते बांधील रकमेतच धरायचं का?

खतावणी
नाही. प्लेज म्हणजे ‘जाहीर वचन’. त्यानंतर अंशदान करार होतो, मग पैसे येतात, तेही हप्त्याने. २०२२ च्या फेरीत १५.७ अब्ज डॉलरची वचनं मिळाली होती. त्यांची रोकड वेळेवर होईना, म्हणून २०२५ च्या मध्यावर चालू अनुदानांना १.४३ अब्ज डॉलरची कात्री लागली. वचनाच्या आकड्याला ‘निधी मिळाला’ लिहिलं असेल तर ही कात्री वाचकाला आकाशातून पडल्यासारखी वाटेल.

औषधभांडार
इथपर्यंत पैसे जाण्याची भाषा झाली. खरी नासाडी तपासणीच्या भाषेत होते. लेखापरीक्षकाने काहीही लिहिलं की मथळा एकच : ‘घोटाळा’.

एक नमुना धरू. आरोग्यसेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, ४० जणींचा भत्ता. हजेरीपटावर ४० सह्या आहेत, भत्त्याची पोचपावती सापडत नाही : हा ‘असमर्थित खर्च’. कागद आणून दिला की आक्षेप मिटतो. कागद सगळे आहेत, पण प्रशिक्षण अनुदानाची मुदत संपल्यावर झालं, किंवा जो कर अनुदानातून भरायचा नाही तो बिलात धरला : हा ‘अपात्र खर्च’. काम खरं, तरी पैसे परत करावे लागतात. आणि भोजनाचं बिल २६ जणांचं, १४ सह्या एकाच हाताच्या, तर तिथे ‘अपहारा’चा संशय. तोही संशयच, प्रकरण अन्वेषणाकडे जातं. लेखापरीक्षण आणि अन्वेषण एक नव्हे.

जानेवारी २०११ मध्ये नेमकं हेच झालं. माली, मॉरितानिया, जिबूती, झांबिया इथल्या ग्लोबल फंडाच्या अनुदानांवर बातम्या आल्या आणि जर्मनीने पैसे रोखले. फंडाचं म्हणणं होतं की या आणि इतर देशांत मिळून ३.४ कोटी डॉलरचा हिशेब लागत नाही, तेव्हापर्यंतची एकूण अदायगी १३ अब्ज. ‘हिशेब लागत नाही’ ही किती नेमकी मराठी! तिच्या जागी ‘लुटले’ आलं की काम संपलं.

आणखी एक सापळा ‘अग्रिम’. मुख्य संस्था उपसंस्थेला आगाऊ रक्कम देते आणि त्याच दिवशी ती खर्ची टाकते. पुस्तकात ९० टक्के खर्च दिसतो, गावात शिबिर झालेलंच नसतं. अग्रिम खर्ची पडतो तो उपसंस्थेचा हिशेब तपासून स्वीकारल्यावर.

औषधांच्या बाबतीत ‘वाटप’ आणि ‘खप’ वेगळे. समजा भांडारातून १०,००० मलेरिया चाचणी किट निघाले, जिल्ह्याची पोच ९,६०० ची, दवाखान्यांच्या नोंदवहीत ६,१०० चाचण्या. वाटेतली तूट ४००. उरलेले ३,५०० चोरीला गेले असं नाही. कपाटात असतील, मुदत संपून बाद झाले असतील. कपाट उघडून मोजणी होईपर्यंत ‘तफावत’ एवढंच लिहावं. झांबियात मात्र दान म्हणून आलेली औषधं खासगी दुकानांत विकताना आढळली, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेने तिथल्या औषध मदतीत ५ कोटी डॉलरची कपात जाहीर केली. तिथे ‘चोरी’च लिहा.

तिरकस
‘महानिरीक्षक’ राहिला. अमेरिकेचा इन्स्पेक्टर जनरल मराठीत आला की डोळ्यांपुढे खाकी वर्दीच येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएसएआयडीच्या, म्हणजे परदेशी मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, महानिरीक्षकांना पदावरून काढलं. ४८.९ कोटी डॉलरची अन्नमदत अडकून नासण्याचा धोका आहे, असा अहवाल त्यांच्या कार्यालयाने आदल्या दिवशी दिला होता. ते पद पोलिसांतलं नाही हे वाचकाला कळणार कसं?

औषधभांडार
‘अंतर्गत दक्षता प्रमुख’ चालेल. खात्याच्या आतला, पण खात्याच्या हुकमाबाहेरचा. बाहेरून तपासते ती जीएओ.

शब्दवेडी
ओव्हरहेडला ‘प्रशासकीय खर्च’ ठेवू ना?

खतावणी
नको हो, ‘वरकड खर्च’ हा चांगला जुना शब्द आहे. प्रकल्पाच्या लेखापालाचा पगार प्रशासकीय असला तरी थेट खर्चात बसू शकतो. वरकड म्हणजे भाडं, वीज, मुख्यालय यांचा विभागून आलेला वाटा. ज्या संस्थेचा दर सरकारशी ठरलेला नाही तिला अमेरिकी नियमांत सरसकट दर घेता येतो. तो ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्के झाला. पण १५ टक्के एकूण अनुदानाचे नाहीत. यंत्रसामग्री वगळायची, आणि ज्या रकमेवर दर लावायचा तीत प्रत्येक उपअनुदानातले पहिले ५०,००० डॉलरच धरायचे. भाषांतरात ‘अनुदानाच्या १५ टक्के’ असेल तर तेवढं बदला.