मिनी महाग होता, नकोसा नव्हता

‘आयफोनचे लहान मॉडेल, म्हणजे मिनी, खपले नाहीत, म्हणजे लहान फोन कुणाला नकोच’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. २०२० मध्ये आयफोन १२ मिनी भारतात आला तो ६९,९०० रुपयांना. ५.४ इंची, हातात छान बसणारा, पण स्वस्त कुठे होता? त्याच वर्षी आधी ४.७ इंची आयफोन एसई ४२,५०० ला आला होता. लहान फोन हवा असलेल्या बऱ्याच जणांनी तोच घेतला असणार. मिनीची बॅटरी लवकर उतरायची, ही तक्रार मात्र मान्य.

माझ्या आईचा हात लहान. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन. वरच्या कोपऱ्यातल्या बाणापर्यंत अंगठा पोचत नाही, म्हणून ती भाजीच्या गाडीवर फोन टेकवून पैसे भरते. दोनदा पडून काच तडकली. गेल्या महिन्यात तिच्यासाठी तीन दुकानं फिरलो. दहा-बारा हजारांत जे दाखवलं ते सगळं साडेसहा इंचांच्या वर. ‘लहान येतच नाही हो आता.’ शेवटी मोठाच घेतला. विक्रीच्या आकड्यांत आता तीही मोठ्या फोनची ग्राहक म्हणून मोजली जाणार, याचंच वाईट वाटतं.