एफएम२ साठी एकच ५० एमएम: जुनी एआय, डी की नवी जी?

सावंतवाडीकर:
नमस्कार मंडळी. निकॉन एफएम२ (मॅन्युअल फिल्म कॅमेरा) बॉडी आहे, लेन्स नाही. रोल बहुतेक एचपी५ (कृष्णधवल, ४०० चा), अधूनमधून रंगीत कोडॅक गोल्ड २००. माणसं, आठवडी बाजार आणि देवळांच्या आतले फोटो काढायचे आहेत. ५० एमएम एकच घेणार. समोर तीन पर्याय: जुनी मॅन्युअल ५० एफ/१.४, एएफ (ऑटोफोकस) ५० एफ/१.८ डी आणि एएफ-एस ५० एफ/१.८ जी. पुढेमागे एफ८० किंवा एफ१०० (निकॉनच्या ऑटोफोकस फिल्म बॉड्या) घेण्याचा विचार आहे, त्यावरही चालली तर उत्तम. दुकानदार म्हणतो, नवी जास्त शार्प आहे, जी घ्या. काय करू?

लाल दिवा:
जी आधी बाद करा. तिला अ‍ॅपर्चर रिंगच (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी कडी) नाही आणि एफएम२ वर अ‍ॅपर्चर बदलायला दुसरी सोय नाही. प्रत्येक फ्रेम एफ/१६ वर, म्हणजे सगळ्यात लहान छिद्रावर पडेल. मीटरला अ‍ॅपर्चर कळवणारा कंगोरा रिंगवर असतो, तोही तिच्यावर नाही. लेन्स झकास आहे, पण एफ८० किंवा एफ१०० साठी.

आता 'जुनी' म्हणजे किती जुनी ते बघा. निकॉनने एआय पद्धत, म्हणजे याच कंगोऱ्याने मीटरला कळवण्याची, १९७७ मध्ये आणली. त्याआधीची लेन्स एफएम२ वर जबरदस्तीने बसवली तर बॉडीवरची मीटरची पट्टी मोडू शकते. पहिल्या एफएम आणि एफई वर ती पट्टी वर उचलता येते, एफएम२ वर नाही. ओळखायची खूण सोपी: एआय लेन्सच्या रिंगवर अ‍ॅपर्चरच्या आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक मोठी आणि माउंटच्या बाजूला दुसरी बारीक. सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरचा आकडा केशरी असेल तर एआय-एस. एफएम२ ला एआय आणि एआय-एस सारख्याच, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. कुणीतरी रिंग कापून एआय केलेली जुनी लेन्सही मिळते. काम नीट झालं असेल तर चालते, पण घेण्याआधी कंगोरा दुसऱ्या एआय लेन्सशी ताडून बघा, नाहीतर मीटर कायम चुकीचं वाचेल.

अर्धा स्टॉप:
शार्पनेसचं म्हणाल तर एचपी५ वर एफ/५.६ ते एफ/८ ला या तिघींत फरक शोधणं म्हणजे ग्रेन मोजत बसणं. फरक दिसतो तो दोन ठिकाणी. एक, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला: जुनी १.४ तिथे मऊ असते, दिव्यांभोवती धुरकट वलय येतं आणि एफ/२.८ पर्यंत ते आवरतं. दोन, उजेड समोरून आला की. सिंगल कोटिंगची लेन्स असेल तर सगळ्या फ्रेमवर पांढुरका थर चढतो. कृष्णधवलमध्ये त्याने सावल्या थोड्या उघडतात, काहींना आवडतंही. गोल्डवर मात्र रंग मळकट होतात. ५२ एमएमचा आट्यांचा (फिरवून बसवायचा) हूड लावा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आणि १.४ चा मोह दिवसा फुकट जातो. भर उन्हात ४०० च्या रोलवर एफ/१६ ला १/५००, म्हणजे एफ/५.६ ला १/४०००. एफएम२ चं शटर तिथेच संपतं. त्याहून उघडायचं तर एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर हवा.

टिपकागद:
सुपर ताकुमार ५० एफ/१.४ (पेंटॅक्सची जुनी, एम४२ आट्यांची लेन्स) चा विचार का नाही? रंगरूप, रिंगचा हात, सगळंच वेगळं.

लाल दिवा:
एफएम२ वर नको. एम४२ आणि निकॉनच्या माउंटपासून फिल्मपर्यंतच्या अंतरात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक, तोही उलट्या बाजूने. मधे भिंग नसलेल्या अडॅप्टरवर इन्फिनिटी (दूरच्या वस्तूंवर फोकस) मिळत नाही, भिंगाचा अडॅप्टर चित्र बिघडवतो. शिवाय त्या लेन्सच्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियमची काच असते, ती वर्षांनी पिवळी पडते. काही आठवडे उन्हात ठेवली की पुष्कळ निवळते. पेंटॅक्स बॉडी असेल तर जरूर घ्या.

सावंतवाडीकर:
मग देवळाच्या आत १.४ नको का? आणि डी चं काय?

अर्धा स्टॉप:
१.४ आणि १.८ मध्ये फरक दोन तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एचपी५ १६०० ला पुश केला (१६०० चा समजून काढला आणि जास्त वेळ डेव्हलप केला) की दोन स्टॉप मिळतात: आयडी-११ डेव्हलपर स्टॉक (पाणी न वाढवता), २० अंशांवर १४ मिनिटं. तुमच्याकडच्या मे महिन्यात २० अंशांसाठी बर्फाच्या पाण्याची परात लागेल, एवढंच. मी १.८ घेऊन उरलेले पैसे रोलवर घालीन.

डी ला रिंग आहे, एफएम२ वर मीटरसकट चालते. फक्त फोकसची रिंग मोटरसाठी बनवलेली, हलकी आणि थोडीच फिरणारी. स्प्लिट इमेज (व्ह्यूफाइंडरमधली फोकसची दुभंगलेली प्रतिमा) जुळता जुळता पुढे निसटते. चेहऱ्यांसाठी हे त्रासाचं. एआय ची रिंग लांब फिरते, हात बसतो.

पुढची बॉडी इथे निकाल लावेल. एफ८० चं मीटर मॅन्युअल एआय लेन्सवर चालतच नाही, म्हणून एफ८० नक्की असेल तर डी. त्यावर डी ची रिंग एफ/२२ ला लॉक करा, नाहीतर 'एफईई' ही चुकीची सूचना दिसते आणि शटर उघडत नाही. एफ१०० मात्र एआय लेन्सवर ए (छिद्र आपण, शटर कॅमेरा ठरवतो) आणि एम (दोन्ही आपण) मोडमध्ये मीटर करतो.

लाल दिवा:
+१. साल आणि नावापेक्षा हातात आलेला नग बघा. मोबाइलची टॉर्च मागून तिरकी धरा. धुळीचे चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सरसकट दुधाळपणा म्हणजे आतली वाफ, काठाला इंद्रधनुषी डाग म्हणजे चिकटवलेली भिंगं सुटलेली. तिन्ही सोडून द्या. बुरशी साफ होते, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. मग रिंग एफ/१६ ला ठेवून लेन्सच्या मागचा लिव्हर दाबून सोडा: पाती टपकन मिटली पाहिजेत. आळसावली असतील तर पात्यांवर तेल आलंय.

हे मीटर सांगणार नाही, कारण ते उघड्या अ‍ॅपर्चरवर मोजतं. पाती मिटायच्या आत शटर उघडतं आणि एफ/११, एफ/१६ च्या फ्रेम जास्त उजळतात.

सावंतवाडीकर:
बोरा बाजारात एआय ५० एफ/१.८ बघितली. किंचित धूळ, पाती ठीक वाटली. पहिल्या रोलवर खात्री कशी करू? एफ/१६ ला १/१५ देऊन बघू?

लाल दिवा:
१/१५ वर नको, एवढ्या लांब वेळेत पात्यांचा उशीर लपून जातो. उन्हात एकाच भिंतीचे दोन फोटो घ्या, दोन्ही एफ/१६, १/५००. पहिला नेहमीसारखा. दुसरा बॉडीवरचा डेप्थ ऑफ फील्डचा लिव्हर दाबून धरून, म्हणजे पाती आधीच मिटलेली असतील. निगेटिव्हवर पहिली फ्रेम दुसरीपेक्षा काळी (म्हणजे जास्त उजेड मिळालेली) निघाली तर लेन्स सर्व्हिसला द्या. आणि पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा.