भाच्याची अक्कलदाढ दुसऱ्यांदा सुजली, काढावी का?

कपाशी_आर्णी: भाचा २१ वर्षांचा. खालची डावी दाढ अर्धीच वर आली आहे. मेडिकलमधून गोळ्या आणल्या की सूज उतरते, मग परत येते. काढायची का? कुठे न्यावं? खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो, तेही सांगून ठेवतो.

दाढदुखी_वर्धा: भाऊ, अर्ध्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं. त्याखाली अन्न अडकतं, तिथे ब्रश पोचत नाही. गोळ्यांनी सूज जाते, झाकण तसंच राहतं. दुसऱ्यांदा सुजली म्हणजे आता ओपीजी काढा, पूर्ण जबड्याचा एक्स-रे. दाढ आडवी आहे का, पुढच्या दाढेला कीड लागली का, मुळं नसेच्या किती जवळ आहेत, हे त्यात दिसतं. ती नस दुखावली तर खालचा ओठ बधिर होतो, म्हणून एक्स-रे न पाहता खालची दाढ काढू देऊ नका. काढायचीच ठरली तर या वयात सोपं जातं, पुढे हाड कडक होतं.
तोवर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून प्रत्येक जेवणानंतर गुळण्या. गोळी कुटून हिरडीवर ठेवू नका, कातडी जळते. गालाला बाहेरून शेकही नको.
वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) आणि नागपूर, दोन्हीकडे दंत महाविद्यालय आहे. तुम्हाला सावंगी जवळ पडेल.

निंबाची_काडी: खर्ऱ्याचं महत्त्वाचं आहे. सूज नसताना त्याची स्वतःचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर दोष दाढेचा नसेल, सुपारीने गालाची आतली कातडी ताठरली असेल. डॉक्टरांना आधी हेच सांगा.
दाढ काढल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. २४ तास थुंकणं, गुळण्या, स्ट्रॉ बंद. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत ठणका लागतो. खर्रा, बिडीने हे जास्त होतं. निदान दोन आठवडे पुडी घरात नको, जमलं तर कायमचीच नको.

कपाशी_आर्णी: धन्यवाद जी. त्याच्या आजीची पूर्ण हाडात गाडलेली आहे, दुखत नाही. तीही काढायची?

दाढदुखी_वर्धा: त्रास नाही, एक्स-रेत पू किंवा गाठ नाही, तर राहू द्या, अधूनमधून तपासा. कवळी बसवायची असेल तर आधी दाखवा. साखरेचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.
भाच्याची सूज जबड्याखाली उतरली, थुंकी गिळेना, ताप किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या.