बी विंग ड्राय बाल्कनी, पाणी कोणाचं??

बी-२०२ काकू: काल रात्री साडेबारापासून आमच्या ड्राय बाल्कनीत वरून पाणी गळतंय. वाळलेल्या चादरी परत ओल्या. मी कोणाचं नाव घेत नाही पण ज्यांनी आरओचा पाईप बाहेर सोडलाय त्यांना बरोबर कळतंय. गणपतीच्या आधी पण सांगितलं होतं

बी-३०२ दादा: काकू नाव नाही घेतलं तरी तुमच्या वर आम्हीच राहतो 🙏 आणि आमचं मशीन रात्री बंद असतं, झोपायच्या आधी स्विच मी स्वतः बंद करतो

बी-४०२: आमचा पाईप सिंकमध्ये आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं

ए-१०१ नाना: टाकी शेवटची कधी धुतली? तारीख सांगा.

सेक्रेटरी: नाना विषय पाईपचा चाललाय

ए-५०४ प्रसाद: दादा स्विच बंद करून पण पाईपातून पाणी येत असेल तर एसव्ही अडकला असणार, सोलेनॉइड वॉल्व्ह. मशीन बंद झालं की त्याने पाणी अडवायचं असतं, तो उघडाच राहिला तर नळाच्या प्रेशरने रात्रभर मेम्ब्रेनवरून (आरओची मुख्य गाळणी) ड्रेनला जात राहतं. मशीनला येणाऱ्या लाईनचा छोटा कॉक बंद करून बघा, थांबलं तर तेच आहे

बी-३०२ दादा: ऑफिसला आलोय. संध्याकाळी बघतो

बी-२०२ काकू: संध्याकाळपर्यंत आम्ही छत्री घेऊन बसतो

सी-३०१: 😂😂

ए-४०१: टँकर आपण विकत घेतोय आणि हे लोक ते बाल्कनीतून सोडतायत. एक लिटर प्यायचं आणि तीन लिटर फेकायचं. मेंटेनन्स मात्र सगळ्यांना सारखा. वा

बी-३०२ दादा: "हे लोक" म्हणजे कोण? गाडी धुवायला पाईप कोण लावतं ते सीसीटीव्हीत आहे

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏

सी-२०४: मुळात आरओ लागतोच कशाला? २०१९ ला एनजीटीने (हरित लवाद) सांगितलं होतं की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला. खडकवासल्याचं पाणी गोडं आहे

बी-४०२: खडकवासल्याचं येतं सकाळी ४० मिनिटं. बाकीचा टँकर एनजीटी पाठवते का

ए-५०४ प्रसाद: दोघांचं बरोबर आहे. माझ्या टीडीएस मीटरवर कॉर्पोरेशनचं ९० येतं आणि टँकरचं परवा ६४० आलं. टाकीत दोन्ही एकत्र होतं त्यामुळे रोजचा आकडा वेगळा. पण मीटर फक्त क्षार दाखवतो, जंतू नाही, ९० आलं म्हणून डायरेक्ट पिऊ नका

सी-१०३ आजी: टँकरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा

ए-१०१ नाना: टाकी शेवटची कधी धुतली?

सी-३०१: अरे हो, परवा एक माणूस "फ्री वॉटर चेकिंग" म्हणून आलेला. दोन ग्लासात सळया घातल्या, आपलं पाणी दोन मिनिटांत गटारासारखं तपकिरी आणि आरओचं स्वच्छ. सौ. घाबरली, ६५०० चं एएमसी (वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट) सांगितलंय त्याने, बहुतेक घेतोय

ए-५०४ प्रसाद: घेऊ नका!! सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की करंट जातो आणि त्या सळईचाच गंज सुटतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्याच्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगायचं होतं, ते पण तपकिरी झालं असतं

सी-३०१: ५०० ॲडव्हान्स दिलेत 😐

बी-४०२: ५०० म्हणजे एनजीटीच्या लिमिटमध्येच आहे 😂

डी-२०१ वहिनी: आमचा आरओवाला दर वर्षी मेम्ब्रेन बदलतो आणि जुना घेऊन जातो. हे बरोबर आहे का

ए-५०४ प्रसाद: वहिनी नीट वापरला तर दोन-तीन वर्षं जातो. मशीनमध्ये येणारं आणि गाळून पिण्याचं, दोन्ही पाण्यांचा टीडीएस मोजून लिहून ठेवा. ६४० चं ५०-६० होत असेल तर मेम्ब्रेन ठणठणीत आहे, कोणी काही म्हणो. टीडीएसचा स्क्रू (थोडं न गाळलेलं पाणी मिसळतो तो) उघडा असेल तर आकडा जास्त दिसेल, तो बंद करून मोजायचं. कार्बन फिल्टर मात्र वेळेवर बदला, क्लोरीन तोच अडवतो, नाहीतर मेम्ब्रेन खराब होतो. आणि जुना पार्ट आपल्याकडेच ठेवायचा, देतो म्हणाला तरी द्यायचा नाही

डी-२०१ वहिनी: थँक्यू. वेस्ट पाणी मी तुळशीला घालते, पानं कडेने करपतायत

ए-५०४ प्रसाद: टँकरच्या दिवशी ते पाणी ८०० च्या वर असणार, तुळशीला नको. फरशी पुसा, बाथरूमला वापरा. बाय द वे, मशीनच्या बाहेरची गाळ अडवणारी कॅन्डल कोणाची लवकर भरतेय का? माझी तीन महिने जायची, या वेळी तीन आठवड्यांत चॉकलेटी

बी-४०२: आमची पण

डी-२०१ वहिनी: सेम. मला वाटलं कॅन्डल डुप्लिकेट दिली

सी-१०३ आजी: आमच्या नळाला पण गाळ येतो

ए-१०१ नाना: म्हणून सकाळपासून विचारतोय. टाकी शेवटची कधी धुतली?

बी-३०२ दादा: घरी आलो. कॉक बंद केला, गळायचं थांबलं. काकू सॉरी, एसव्हीच होता, उद्या माणूस येतोय. चादरी आमच्या मशीनला लावून देतो

बी-२०२ काकू: चादरी राहू देत. पाईप आत घ्या. थँक्यू प्रसाद

ए-४०१: आणि वाया गेलेल्या टँकरचं काय?

बी-३०२ दादा: सीसीटीव्ही बघू का?

सेक्रेटरी: विषय मिटला आहे. सर्वांचे आभार 🙏 नाना, संध्याकाळी खाली भेटतो

ए-१०१ नाना: खाली नको. इथेच सांगा.