वाड्याच्या खोलीला आतून इन्सुलेशन: लाखभर रुपये घालावेत का?

माजघर
सदाशिव पेठ, वाड्याचा वरचा मजला. सागवानी खांब-तुळया, मधे नऊ इंची वीटकाम, वर पत्रा, त्याखाली तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत). बाबांची खोली पश्चिमेला आहे. वय ८१, मे महिन्यात रात्री एकपर्यंत झोप नाही. एसी आहे, पण बंद केला की अर्ध्या तासात खोली पुन्हा तापते.
एका कॉन्ट्रॅक्टरने सुचवलं: चारही भिंतींना आतून पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यात ५० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), वर जिप्सम बोर्ड. खोली १२ बाय १४, उंची १०. दारं-खिडक्या वगळून ४४० स्क्वेअर फूट, भाव १९० रुपये. म्हणजे ८३,६००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ९८,६४८. माझं मत करून टाकावं असंच आहे. बायको म्हणते, आधी विचार. म्हणून या फोरमवर विचारतोय.

पोटमाळा
वहिनींचं ऐका. चारही भिंती कशाला? आतल्या दोन भिंतींपलीकडे तुमचंच घर असेल ना? तिथून कुठलं ऊन येतंय? पुण्यात १३ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीलासुद्धा फारसं ऊन लागत नाही. तापतो तो पत्रा, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. तेवढीच केलीत तर खिडकी सोडून १२० फूट, २२,८०० अधिक जीएसटी. बाकीचे पैसे पत्र्याखाली घाला.
आणि हो, चारही बाजूंनी तीन-तीन इंच गेले की १६८ फुटांची खोली १५५ होते. पेठेतले १३ फूट स्वतःच्या हाताने बोर्डामागे गाडायचे!

सज्जा
मी हे करून घेतलंय (मंगळवार पेठ, असाच लाकडी सांगाडा), म्हणून लिहितो. नऊ इंची भिंत दुपारी चारला तापते आणि रात्री दहा-अकराला आत ऊब सोडायला लागते, नेमकी झोपायच्या वेळी. आतून इन्सुलेशन केलं की एसीला ती भिंत गार करत बसावं लागत नाही, फक्त हवा गार करायची. आमचा एसी आता पहाटे बंदच असतो. शिवाय रस्त्यावरचे हॉर्न कमी ऐकू येतात, त्याची किंमत कोण लावणार? फक्त एक करा, थर्माकोल लावू नका. जुनं वायरिंग, सुकं सागवान आणि आत थर्माकोल म्हणजे पेटायला निमित्तच. रॉकवूल जळत नाही.

चुनेगच्ची
सज्जा, तुमचं एसीपुरतं बरोबर आहे. पण पावसाळ्याचं काय? पश्चिमेच्या भिंतीवर जून ते सप्टेंबर झड बसते. ती भिंत दोन्ही बाजूंनी वाळते, म्हणून शंभर वर्षं टिकली. आतून बोर्ड ठोकलात, वर ऑइलपेंट किंवा प्लास्टिकचा वॉलपेपर लावलात, की आतली बाजू बंद. ओल मग लाकडात मुरते.
आमच्या काकांकडे तीन वर्षांनी बोर्ड काढला. भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक बाहेरून काळपट, एवढंच. नखाने उकरलं तर चहात भिजलेल्या टोस्टसारखा लगदा बोटावर आला. खालच्या खांबावर वाळवीची मातीची नळी थेट बोर्डामागून वर गेलेली. त्या एका तुळईला बसवलेल्या टेकूचा खर्च बोर्डाच्या खर्चापेक्षा जास्त झाला. वर तो टेकू आजही खोलीच्या मधोमध उभा आहे, त्यावर टॉवेल वाळतात.
जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. तो नीट करून घ्या.

सज्जा
काकांच्या वाड्याची पन्हळ धड होती का? माझा अनुभव असा की नव्वद टक्के वेळा पाणी वरून येतं आणि शिव्या भिंतीला बसतात. आणि चुन्याने ओल निघते, मान्य. उष्णता किती अडते? एक इंच गिलाव्याने खोली गार होत असती तर पेठेत एसी विकले गेले नसते.

चुनेगच्ची
पन्हळ फुटलीच होती. पण बोर्ड नसता तर डाग पहिल्याच पावसात दिसला असता. माझा मुद्दा तोच आहे. सांगाड्याच्या घरात भार खांब-तुळयांवर असतो, भिंत नुसती भरलेली असते. माझी आजी सांगायची, पानशेत फुटलं त्या दिवशी, १२ जुलै १९६१ ला, त्यांच्या मातीच्या भिंती बसल्या, पण खांब उभे राहिले. ते खांबच दिसेनासे करू नका.

भाडेकरू१
वाडा तुमच्या मालकीचा आहे की आमच्यासारखे पागडीवाले? मालकाने उद्या बिल्डरला दिला तर रॉकवूल काय काखोटीला मारून नेणार?

माजघर
आमच्या मालकीचा आहे, सध्या तरी. (चुलतभावांचं मत वेगळं असू शकतं.)
काल रात्री अकराला हात लावून पाहिला. पश्चिमेची भिंत तव्यासारखी नाही, पण कोमट, साधारण कपाळाइतकी. आतल्या दोन्ही गार. तक्तपोशीला स्टुलावर चढून हात लावला, तो मात्र लगेच मागे घेतला. तेव्हा पोटमाळा, तुमचं गणित मान्य, पत्र्याखालचं कोटेशन मागवलंय. पश्चिमेच्या भिंतीचं ठरत नाही. तिथे बाबांचं लोखंडी कपाट आहे, तुळईचं टोक त्याच्या मागे येतं आणि ते कपाट २००५ पासून कोणी हलवलेलं नाही. रविवारी मिस्त्री येतोय, आधी ते सरकवू.