हळदीत मिरी, औषधाला अनुपान: अंगी लागतं ते किती?

गोदाकाठ
परवा नाशिकला रविवार कारंज्यावर हळदीच्या कॅप्सूलची डबी पाहिली, वर ‘मिरी अर्कासह’. आमची आजी हळद-दुधात तूप आणि चिमूटभर मिरपूड घालायची, तेच की हे! अनुपानाला, म्हणजे औषध ज्याच्यासोबत घ्यायचं त्या तूप-दूध-मधाला, अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हळदीतलं मुख्य द्रव्य कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपात बरं विरघळतं. जेवढं शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून बाहेरची वाट दाखवतात. मिरीतलं पिपरिन हे काम मंदावतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं कुरकुमिन वीसपट झालं.

सिडकोची_सून
प्रयोग खरा, पण आजीचा पेला त्यात बसत नाही. हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्के. २ ग्रॅम हवं तर पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. शिवाय नुसतं कुरकुमिन घेतल्यावर रक्तात जेमतेम सापडत होतं, त्याची वीसपट म्हणजे किती?

मेडिकलवाला_पंचवटी
ताई, हिशोब बरोबर आहे. माझी काळजी वेगळी आहे. पिपरिन कुरकुमिनला ओळखून मदत करत नाही. यकृतातली जी यंत्रणा ते अडवतं, तीच इतर औषधंही निकामी करत असते. फिटवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफिलिन यांचं रक्तातलं प्रमाण पिपरिनने वाढतं. फेनिटॉइनमध्ये तर पुरेसा आणि जास्त डोस यांत अंतरच थोडं. स्वयंपाकातल्या मिरीला मी घाबरत नाही. रोजच्या अर्काच्या कॅप्सूलला घाबरतो. गिऱ्हाईक सांगतं, “आयुर्वेदिक आहे, डॉक्टरांना काय सांगायचं?” तिथंच घोळ होतो. आणि उलटंही घडतं: इसबगोल थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं.

गोदाकाठ
दादा, मग क्षयाच्या औषधाचं काय? रिफॅम्पिसिन नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपरिन, अशी गोळी आपल्याच देशात मंजूर झाली. मूळ काम जम्मूच्या प्रयोगशाळेतलं. तुम्ही ज्याला धोका म्हणता, त्यावरच तर ती उभी आहे.

मेडिकलवाला_पंचवटी
हो, आणि म्हणूनच तिथं रिफॅम्पिसिन मोजून निम्म्याहून कमी केलं. घरी कॅप्सूल सुरू करणारा फिटच्या गोळीचा डोस कमी करतो का?

वैद्य_गंगापूररोड
तुम्ही दोघंही रक्तातल्या आकड्यावरच अडलात. हरड्यातली मोठी टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, बहुतांश तशीच्या तशी शोषली जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू ती फोडून यूरोलिथिन नावाची लहान द्रव्यं बनवतात, आणि ते जंतू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. एकाच चूर्णाचा दोघांना वेगळा गुण येण्यामागे हेही एक कारण असू शकतं. गोदाकाठ, अनुपानाची बाजू घेताय तर ती पुरती घ्या. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, पिंपळी, क्षार आणि मीठ अति वापरू नका असं सांगितलंय. पिपरिन पिंपळीतही असतं. अनुपान रोगी पाहून ठरतं, डबी पाहून नाही.

गोदाकाठ
हे मला माहीत नव्हतं. तरी हळद-दूध सोडणार नाही. आई मात्र सकाळी थायरॉईडची गोळी इसबगोलच्या पाण्यानेच घेते. उद्यापासून इसबगोल रात्री देतो.

सिडकोची_सून
आणि डॉक्टरांनाही सांगा. इतके दिवस तसंच घेत असतील, तर रक्त तपासून डोस पुन्हा ठरवावा लागेल.