मदत हवी आहे: जाळपट्टा काढूनही बाग पेटली, आता होरपळलेली झाडं तोडू की ठेवू?

नमस्कार मंडळी. आमची तीन एकर जमीन बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे, राकसकोपच्या वरच्या अंगाला. बांध ओलांडला की महाराष्ट्रातला चंदगड तालुका. एक एकर काजू, दोन एकर निलगिरी. निलगिरी वडिलांनी २०१५ ला लावलेली, एकदा तोड झाली, आता फुटव्यावर आहे. कर्नाटकात २०१७ पासून नवीन निलगिरी लावायला बंदी आहे, म्हणून आहेत ते खुंट वाचवायचे आहेत. मी नोकरीला शहरात, रविवारचा शेतकरी.

गेल्या आठवड्यात दुपारी अडीचच्या सुमारास पलीकडच्या माळावरून आग आली. कुणीतरी गवत पेटवलं असणार. आमच्याकडे अजून समजूत आहे की माळ जाळल्याशिवाय नवं गवत फुटत नाही. शेजारचे मामा तर तोंडावर सांगतात, "राख पडल्याबगर हिरवं येत न्हाई बघ." बरं, बिडीचं थोटूक असेल, नाहीतर मधाचं पोळं काढणाऱ्यांची मशाल. बघितलं कुणी नाही.

मी जानेवारीत जाळपट्टा (आग अडवायची मोकळी पट्टी) काढला होता, दहा फूट रुंद, माती दिसेपर्यंत खरडून. झाडून निघालेला पाला टाकायचा कुठे म्हणून आतल्या बाजूला बांधाला लावला, पावसात कुजून खत होईल असा हिशेब. पण पश्चिमेचा वारा सुटला आणि पट्टा असून नसल्यासारखा झाला. निलगिरीच्या सालीच्या लांब सोलपट्या पेटून हवेतून येत होत्या, अगदी पतंगाच्या शेपटीसारख्या. आम्ही पाच जण टहाळे घेऊन झोडपत होतो. काजूची दोन ओळी पानं करपली, बी झाडावरच भाजलं. त्या टरफलाच्या तेलाचा वास अजून शर्टाला आहे.

प्रश्न असे:
१. दहा फूट कमी पडले का? किती हवे?
२. काजू खाली काळा, वर शेंड्याला हिरवा आहे. छाटू, तोडू, की थांबू?
३. निलगिरी व्यापारी निम्म्या भावात मागतोय, म्हणतो कोळसा लागलाय. खरं आहे का?
४. पंचनाम्याला गेलो तर इकडचे म्हणतात आग तिकडून आली, तिकडचे म्हणतात जमीन इकडची. काय करू?

प्रतिसाद (खानापूर भागातला बागायतदार)

दादा, रागावू नका, पण जाळपट्टा तुम्हीच बिघडवला. खरडलेल्या मातीशेजारी वाळक्या पाल्याचा ढीग म्हणजे ठिणगीला आयती चूल. सालीची सोलपटी वीस-तीस फूटसुद्धा सहज उडते, तिच्यापुढे पट्टा किती रुंद करणार? पट्टा पंधरा फूट करा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या बाजूची पहिली दोन-तीन ओळी पाल्यातून मोकळी ठेवा. पाला उचलून शेणखताच्या खड्ड्यात टाका. खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटा. जमिनीवरची आग झोडपून विझते, पण एकदा शेंड्याला चढली की पाच माणसांचं काम राहत नाही.

आणि झोडपताना टहाळा वर उचलून आपटायचा नाही, ठिणग्या उडतात. दाबून ओढायचा. पाठीवरचा फवारणी पंप भरून ठेवलात तर फार उपयोग होतो. पट्टा जाळून साफ करायचा असेल तर पहाटे दव असताना, शेजाऱ्याला सांगून, माणसं उभी करून. दुपारी अजिबात नाही.

काजूला घाई करू नका. महिनाभराने बुंध्याला चारी बाजूंनी चाकूने नखभर साल काढून बघा. आत ओलं, हिरवट-पांढरं दिसलं तर झाड जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं आणि ते चारी बाजूंनी तसंच असलं तर गेलं. शेंडा हिरवा आहे यावर जाऊ नका, बुंधा भाजलेलं झाड पण काही दिवस हिरवं दिसतं. जिवंत झाडाच्या बुंध्याला चुना लावा. अशक्त काजूला खोडकिडा आधी गाठतो, बुंध्यापाशी भुसा पडतोय का बघत राहा.

निलगिरीबद्दल व्यापारी खोटं बोलत नाही. कागदाच्या लगद्यात कोळशाचा कण चालत नाही. पण काळी साल सोलून दिली तर बहुतेक लाकूड स्वच्छ निघतं, निम्मा भाव कशाला? मेलेल्या खोडांना मात्र उशीर करू नका, फाटतात आणि भोकं पडतात. पावसाआधी जमिनीपासून वीतभरावर तिरकी तोड करा, खुंटात पाणी साचत नाही. फुटले की दोन-तीन फुटवे ठेवा.

प्रतिसाद

चौथ्या प्रश्नाचं: नुकसान जिथे, तिथल्या तहसीलदाराकडे अर्ज, सोबत आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) आणि फोटो. ठिकाणासह. पोचपावती घ्या. पोलिसात जायचं असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. लेखी द्या, तोंडी नको.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पाल्याचं वाचून रात्रभर झोप लागली नाही, कारण ढीग मी स्वतः लावला होता. आज सकाळी घाई करून वीस झाडांना चाकू लावला (महिना थांबवलं नाही, माफ करा). अकरा ओली निघाली. त्या व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. मामांना पहाटेच्या कामाला बोलावलंय, येतो म्हणाले, पण चहा मीच आणायचा आहे.